छप्पर सरकारचं, भिंती आपल्या

उल्हासनगरात राहणाऱ्या कुणाला तुम्ही कधी पार्सल पाठवलं असेल, तर पत्त्यातल्या एका शब्दाशी नक्की अडखळला असाल. बॅरेक. बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, सेक्शन अमुक, उल्हासनगर तीन. नवा डिलिव्हरी बॉय फोन करून विचारतो, "सर, बॅरेक किधर है?" आपण सांगतो, "मोबाइलचं दुकान आहे ना, त्याच्या शेजारच्या गल्लीत चार मजली बिल्डिंग, खाली कपड्यांचं गोडाऊन." त्याला बॅरेक दिसत नाही, कारण ती नसतेच. पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी तिथे सैनिकांची एक लांबलचक शेड होती. शेड गेली, तिचा नंबर पत्त्यात राहिला.

मी बारावीपर्यंत अशाच एका पत्त्यावर राहिलो. फरक इतकाच की आमची बॅरेक तेव्हा अजून बॅरेकसारखी दिसायची. आमचं घर म्हणजे एका खोलीचा मागचा अर्धा भाग, भाड्यानं. पुढच्या अर्ध्या भागात घरमालक, सिंधी कुटुंब. त्यांचा नातू माझ्याच वयाचा, आणि त्याच्या आजीला अख्खी गल्ली अम्मा म्हणायची. दुपारी माझी आई अम्माबरोबर पापड लाटायला बसायची, मला आणि त्या नातवाला वाळत घातलेल्या पापडांवर कावळ्यांची राखण करायला बसवायची. मला त्या घरातलं सगळ्यात जास्त आठवतं ते छत. रात्री झोप येईपर्यंत मी वरच्या लाकडी कैचीचे बोल्ट मोजायचो. जाड, काळपट लाकूड, त्यावर कुणाच्या तरी हातचे रंगवलेले आकडे. अंथरुणात पडून छताकडे बघत राहणाऱ्या मुलानं पुढे सिव्हिलचा डिप्लोमा केला यात नवल नाही.

आता मी कल्याण-डोंबिवलीकडे टॉवर बांधणाऱ्या साइटवर काम करतो. गेल्या वर्षी त्या मित्राचा फोन आला. आमच्या जुन्या बॅरेकच्या रांगेत बिल्डर आलाय, एका खोलीला एक वन बीएचके देतो म्हणतोय, सह्या गोळा करतोय. "तू यातला माणूस आहेस. येऊन कागद बघ," मित्र म्हणाला. "अम्मा सही करत नाहीये."

कागद बघायला गेलो आणि बॅरेकचा इतिहास वाचायच्या नादाला लागलो. वाचता वाचता एका प्रश्नापाशी अडकलो. फाळणीनंतर सरकारनं निर्वासितांसाठी अनेक प्रकारची घरं शोधली. त्यातलं एक उल्हासनगरचं, घाईघाईनं, हाताशी होतं ते दिलेलं. दुसरं दिल्लीचं, खूप विचार करून, कारखाना घालून, यंत्रावर तयार करायचं ठरवलेलं. पहिल्यात माणसं अजून राहताहेत. दुसरं धड उभंच राहिलं नाही. असं का झालं?

आधी पहिल्याची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ, उल्हास नदीच्या अलीकडे, ब्रिटिश लष्करानं एक मोठा छावणीतळ उभारला. आघाडीवर जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांना काही दिवस थांबवायचं ठिकाण. पाच कॅम्प आणि दोन हजारांहून जास्त बॅरेकी. एकच नकाशा पुन्हा पुन्हा गिरवलेला, ठरावीक मापाच्या कैच्या, ठरावीक अंतरावर खांब. कारखान्यात बनलेलं घर म्हणतात तसं हे नव्हे, पण विचार तोच: घर म्हणजे एक मोजमाप, ते कितीही वेळा छापता येतं. युद्ध संपलं, सैनिक गेले, शेड रिकाम्या पडल्या.

मग १९४७. सिंधमधून सुमारे बारा लाख हिंदू भारतात आले. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि बोटीच्या बोटी भरून मुंबईला यायला लागल्या. पंजाबची फाळणी झाली तशी सिंधची झाली नाही. सिंध पूर्ण तिकडे गेला. त्यामुळे सिंध्यांना इकडे "आपला" असा प्रांतच उरला नाही, जिथे मिळेल तिथे उतरायचं. मुंबई सरकारनं त्यांना कल्याणच्या रिकाम्या छावणीत आणलं. बघता बघता तिथे लाखाच्या आसपास माणसं झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद तुम्ही ऐकलेलाच असणार, तो इथे गृहीत धरून पुढे जाऊ.)

एका बॅरेकीत कितीतरी कुटुंबं. मध्ये भिंत नाही. त्या काळच्या आठवणी कुणीही सांगू दे, एक गोष्ट त्यात हमखास येते: गोणपाटाचे पडदे. पोती उसवून, जोडून, दोरीवर टाकून प्रत्येक कुटुंबानं आपली हद्द केली. पोती नसतील तिथे साड्या आणि चादरी. नळ सामाईक, संडास सामाईक, भांडण आणि बाळंतपणही जवळपास सामाईकच. अम्मा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला तिकडच्या घराचं फारसं आठवत नाही, पण पोत्याच्या पडद्यापलीकडून येणारा दुसऱ्यांच्या जेवणाचा वास आठवतो, आणि आपल्या घरी काय शिजतंय ते त्यांना कळू नये म्हणून तिची आई कांदा कधी परतायची तेही.

आता दिल्ली. तिथला आकडा पाहिला की डोळे फिरतात. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची वस्ती नऊ लाखांच्या थोडी वर होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या जवळ गेली. त्यात निर्वासित जवळजवळ पाच लाख. पुराना किल्ला, हुमायूनची कबर, किंग्जवे कॅम्प, सगळीकडे तंबू. विटा नाहीत, सिमेंट नाही, लोखंड नाही, वेळ तर नाहीच.

अशा वेळी एखाद्याच्या डोक्यात कारखाना येणं स्वाभाविक होतं, कारण जगभर तेच चाललं होतं. ऑनलाइन मागवलेलं कपाट खोक्यातून सुटं येतं आणि आपण स्क्रू पिळून उभं करतो ना, तसं घर: भिंती, छप्पर, खिडक्या कारखान्यात तयार होणार, ट्रकमधून येणार, जागेवर जोडले जाणार. यालाच प्रीफॅब म्हणतात. ब्रिटननं बॉम्बनं बेघर झालेल्यांसाठी १९४४ मध्ये कायदा करून अशी दीड लाखांहून जास्त छोटी घरं उभी केली. काही तर विमानं बनवणाऱ्या कारखान्यांत, ॲल्युमिनियमची. अमेरिकेत लस्ट्रॉन नावाच्या कंपनीनं मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची घरं काढली आणि अडीच हजारांच्या आसपास घरं विकून १९५० मध्ये ती बुडाली. पण दिल्लीत योजना आखली जात होती तेव्हा ते बुडणं अजून व्हायचं होतं. तेव्हा तर प्रीफॅब म्हणजे उद्याचं घर.

योजना ज्याच्याकडे आली त्या माणसाचं नाव ओटो कोनिग्सबर्गर. आडनाव जिभेवर चढायला वेळ लागतो, पण माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे. जन्म बर्लिनचा, १९०८ चा. वास्तुशास्त्र शिकला. १९३३ मध्ये त्याला जर्मनीतलं मानाचं शिंकेल पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू म्हणून त्याची सरकारी नोकरी गेली. तिथून इजिप्त. मग १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात मुख्य आर्किटेक्ट. ही वाट त्याच्या मामामुळे सापडली. मामा म्हणजे पुढे नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न, जे काही महिने बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कोनिग्सबर्गर केंद्र सरकारचा गृहनिर्माण संचालक झाला. खातं आरोग्य मंत्रालयाचं, मंत्री राजकुमारी अमृत कौर. भुवनेश्वरचा आराखडा त्याचा, गांधीधामच्या आखणीतही त्याचा हात.

म्हणजे निर्वासितांना घरं देण्याचं काम एका निर्वासिताकडे होतं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. घर गेलेल्या माणसालाच वाटू शकतं की घर इतकी अवघड गोष्ट असता कामा नये. ती साबणासारखी, सायकलसारखी कारखान्यातून बाहेर पडावी.

दिल्लीत जंगपुऱ्याला सरकारी गृहनिर्माण कारखाना उभा राहिला. तंत्र ब्रिटनमधून आलं. काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे सोडून ते हलकं करायचं, त्याची भिंतीएवढी पॅनेल ओतायची, वाफवायची, वाळवायची, नेऊन जोडायची. कागदावर सगळं चोख.

प्रत्यक्षात पॅनेलना तडे गेले. सांधे नीट बसेनात. तयार घरं अपेक्षेच्या मानानं इतकी थोडी निघाली की वर्तमानपत्रांनी विषय उचलला, संसदेत प्रश्न आले, चौकशा झाल्या. प्रीफॅब हा शब्द काही काळ दिल्लीत फजितीचा शब्द होता. १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेला.

इथे साइटवरचा माणूस म्हणून थोडं बोलतो. बुडबुड्यांचं काँक्रीट वजनाला हलकं, म्हणून आकर्षक. पण त्याचा कोपरा म्हणजे खारी बिस्किटाचा कोपरा. ओतल्यावर पुरेसं मुरू दिलं नाही, तर नंतर वाळताना ते आक्रसतं आणि तडकतं. ट्रकमध्ये चढवताना, खड्ड्यातून नेताना, उतरवताना, प्रत्येक वेळी थोडं तुटतं. बरं, वीट तुटली तर गवंडी अर्धी वीट वापरतो. पॅनेल तुटलं तर अख्खी भिंत गेली. आणि सांधा? दोन पॅनेलमधली फट दोन सूत जास्त झाली की दिल्लीतली लू आणि पावसाळा दोघंही त्यातून आत येणार. आज आमच्याकडे क्रेन आहेत, रबराच्या पट्ट्या आहेत, सांधे भरायची रसायनं आहेत, तरी पहिल्या पावसात गळतीच्या तक्रारी येतातच. १९५० साली बैलगाड्यांच्या रस्त्यावर हे करायला निघालेल्या माणसांना हसणं सोपं आहे. मला हसू येत नाही.

पण तडे हे खरं कारण नव्हे असं मला वाटतं. तडे पुढेमागे थांबवता आले असते. खरी चूक हिशेबातली होती. ब्रिटनमध्ये प्रीफॅबला अर्थ होता, कारण तिथे गवंडी नव्हते, विटा नव्हत्या, आणि विमानांचे कारखाने रिकामे पडले होते. आपल्याकडे नेमकं उलटं. आपल्याकडे यंत्र महाग, वाहतूक महाग, परकीय चलन दुर्मीळ, आणि माणसं? पाच लाख माणसं तंबूत बसून होती, कामाच्या शोधात. सरकार त्यांच्यासाठी असं घर बनवत होतं की ज्यात त्यांच्या हाताला काहीच काम नव्हतं. बेघरांची टंचाई घराची होती तशी रोजगाराचीही होती, आणि प्रीफॅबचा सगळा गर्व हाच की त्याला माणसं कमी लागतात.

त्याच सुमारास दिल्लीच्या दक्षिणेला फरिदाबादला याचं उत्तर उभं राहत होतं. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेले हजारो निर्वासित तिथे नेले होते. सरकारी बांधकाम खातं ठेकेदार लावून घरं बांधायला निघालं. निर्वासित म्हणाले, आमची घरं आम्हीच बांधू, मजुरी आम्हाला द्या. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचे तरुण कार्यकर्ते, त्यात लक्ष्मीचंद जैन, त्यांच्या पाठीशी राहिले. दुकानदारी केलेल्या, कधी थापी न धरलेल्या माणसांनी विटा पाडल्या आणि बघता बघता सुमारे पाच हजार घरं झाली. जैन यांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिलं. पण फरिदाबाद हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच की जंगपुऱ्याहून ते फार लांब नव्हतं.

मागे एका ट्रेनिंगसाठी दिल्लीला गेलो होतो तेव्हा मुद्दाम जंगपुऱ्याला उतरलो. त्या कारखान्याचं पुढे काय झालं ते मजेशीर आहे. १९५३ मध्ये त्याची हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी नावाची कंपनी झाली, आधी खासगी भागीदारीत, मग पूर्ण सरकारी, आणि नंतर नाव पडलं हिंदुस्तान प्रीफॅब लिमिटेड. तिनं काँक्रीटच्या वस्तू बनवल्याच: विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर. उत्तम बनवल्या. सगळे खांब सारखेच असलेले चालतात, त्यात कुणाला स्वयंपाकघर मागे हलवायचं नसतं. मी आसपास पायी फिरलो. भोगल, जंगपुरा, पलीकडे लाजपतनगर, निर्वासितांच्याच वसाहती. सरकारनं बांधून दिलेली विटांची छोटी बैठी घरं होती तिथे आता चार-चार मजले, बाल्कन्या, संगमरवरी पायऱ्या. मूळ घर शोधायला लागतं. उल्हासनगरसारखंच.

कोनिग्सबर्गरची गोष्ट लंडनला संपत नाही, आणि मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते ती पुढच्या भागामुळे. लंडनमध्ये त्यानं उष्ण प्रदेशांतल्या वास्तुशास्त्राचा अभ्यासक्रम चालवला. आशिया-आफ्रिकेतले कितीतरी आर्किटेक्ट तिथे शिकले. १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तीन जणांचं मंडळ गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला पाठवलं: अमेरिकेचे चार्ल्स एब्रम्स, फ्रान्सचे व्लादिमिर बोदियान्स्की आणि हा. तिथे त्यांच्यापुढे काय आलं असेल? प्रीफॅब. सरकारनं शॉकबेटन नावाच्या डच कंपनीबरोबर साच्यातल्या काँक्रीट घरांचा करार केला होता आणि ती परवडत नव्हती. जंगपुऱ्याचं भूत दारात उभं. या वेळी मंडळानं खेड्यापाड्यांत, वस्त्यांत फिरून लोक मुळात घर कसं बांधतात ते पाहिलं. ठिकठिकाणी मातीच्या भिंती उभ्या, पण वर छप्पर नाही. भिंतीला लागते माती आणि भावकी, ती लोकांकडे होती. छपराला लागतात पत्रे, वासे, खिळे, म्हणजे रोख पैसा. तो नव्हता. पैसा जमेपर्यंत पाऊस भिंती खाऊन टाकायचा.

मंडळानं अहवालात सुचवलं: लोकांना घर देऊ नका. छपरासाठी कर्ज द्या. भिंती ते बांधतील. ही "रूफ लोन" योजना पुढे घानात राबवली गेली आणि जगभर तिचा अभ्यास झाला.

हे वाचलं तेव्हा मला आमची कैची आठवली. ज्या माणसाला दिल्लीत कळलं नाही, त्याला आफ्रिकेत जे कळलं, ते कल्याण कॅम्पात १९४८ सालीच घडत होतं, कुणाच्याही योजनेशिवाय. सरकारनं दिलं होतं फक्त छप्पर आणि खांब. भिंती नव्हत्या हीच बॅरेकीची सगळ्यात मोठी उणीव, आणि तीच तिची सोय ठरली. पोत्याच्या जागी पत्रा आला, पत्र्याच्या जागी वीट. अम्माच्या वडिलांनी समोरच्या ओसरीत खिडकी पाडून गोळ्या-बिस्किटांचं दुकान काढलं. अम्माच्या लग्नानंतर कैचीखाली फळ्या टाकून पोटमाळा झाला. तिच्या नवऱ्यानं तिथे शिलाई मशीन ठेवलं. मग मागची बाजू आम्हाला भाड्यानं दिली, कारण मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. एकाच खोलीनं दुकान, कारखाना, घर आणि बँक, चारही कामं केली. प्रत्येक वेळी एक भिंत हलली.

कागदाचंही त्यात होतं. १९५४ मध्ये विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा आला. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा ज्यांनी लावला होता त्यांना त्या पोटी बॅरेकीच्या खोल्या मालकीनं मिळाल्या. सनद हा शब्द उल्हासनगरात आजही रोजच्या बोलण्यात आहे, बाकीच्या महाराष्ट्रात तो शिवकालीन वाटतो. अम्माकडे ती सनद आहे, पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांमध्ये गुंडाळलेली. भिंत हलवायची हिंमत त्या कागदातून येत होती. मालक असलेला माणूस वीट घेतो. पाहुणा असलेला पोतं टाकतो.

पण इथे मला स्वतःलाच आवरायला हवं, कारण मी जे लिहितोय ते फार गोड होत चाललंय. भिंत हलवण्याची ही मोकळीक पुढे कुठे गेली तेही याच शहरात दिसतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात बॅरेकींच्या जागी स्लॅब पडायला लागले. खोलीवर खोली, मजल्यावर मजला. परवानगी नाही, इंजिनिअर नाही, पाया बैठ्या शेडचा आणि भार पाच मजल्यांचा. गोष्ट उच्च न्यायालयात गेली, शेकडो इमारती पाडायची वेळ आली, आणि शेवटी २००६ मध्ये राज्य सरकारनं खास उल्हासनगरपुरता, अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. एका शहराच्या बेकायदा भिंतींसाठी स्वतंत्र कायदा! कायद्यानं कागद नियमित होतो, काँक्रीट नाही. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत इथल्या दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत एकावर एक कोसळले. माणसं मेली. त्या आठवड्यात मी माझ्या मावशीच्या घरी जाऊन छताला हातोडीनं ठोकून बघत होतो. पोकळ आवाज आला. पुढच्या महिन्यात त्यांनी जागा सोडली. पत्त्यात तिथेही बॅरेक नंबरच होता.

म्हणून "लोकांना करू द्या" एवढं म्हणून भागत नाही. घानाच्या योजनेत नुसतं कर्ज नव्हतं, तर भिंत नीट आहे का हे पाहूनच छप्पर चढायचं. उल्हासनगरात छप्पर आधी मिळालं, मालकी मिळाली, पण वर चढताना "थांब, हा खांब एवढं पेलणार नाही" असं सांगणारं कुणी कधी दारात आलं नाही. आला तो पाडायची नोटीस घेऊन.

तर, मित्राचे कागद. मी ते नीट वाचले. चटई क्षेत्र, भाडं किती महिन्यांचं, काम रखडलं तर काय, सोसायटी कधी होणार, सनद कुणाच्या ताब्यात राहणार. दोन कलमं बदलून घ्यायला सांगितली. बाकी करार वाईट नव्हता. रांगेतल्या इतर खोल्यांवर स्लॅब चढलेत, त्यांची अवस्था मला आवडली नाही. एकदा नीट, परवानगीनं, पायापासून बांधलेली इमारत तिथे व्हायलाच हवी असं माझं मत आहे, आणि ते मी मित्राला सांगितलं.

मग बिल्डरचा नकाशा उघडला. कोणत्या पद्धतीनं बांधणार ते खाली लिहिलं होतं. ॲल्युमिनियमचे साचे. आमच्या साइटवरही तेच चालतं. सगळे फ्लॅट सारखे, भिंती आणि स्लॅब एका दमात काँक्रीटमध्ये ओतायचे, आठवड्या-दहा दिवसांत मजला तयार. जंगपुऱ्याला जे जमलं नाही ते आता जमतं. पॅनेल नाही, सांधा नाही, तडा नाही. घर साच्यातून निघतं, फक्त साचा कारखान्यात न राहता इमारतीवर चढत जातो.

अम्मा खाटेवर बसून ऐकत होती. ब्याऐंशी-त्र्याऐंशी वय, कान तीक्ष्ण. मित्रानं तिला नकाशावर बोट ठेवून दाखवलं: हा हॉल, हे किचन, ही बेडरूम, हा संडास आत, आपला स्वतःचा. लिफ्ट. तिनं सगळं पाहिलं. संडासाशी बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"आणि मुलांची लग्नं झाल्यावर?" तिनं हिंदीत विचारलं. मग माझ्याकडे वळली. "बेटा, तू तो इंजिनिअर है. इसमें दीवार तोड़ने देंगे?"

मी खरं ते सांगितलं. नाही, अम्मा. या पद्धतीत सगळ्याच भिंती भार घेतात. तोडता येत नाहीत. खिळा ठोकायलासुद्धा ड्रिल लागतं.

तिनं मान हलवली आणि वर बघितलं. त्यांच्या खोलीवर स्लॅब कधीच पडला नाही. पैसे जमले तेव्हा नवरा गेला, नंतर कुणी मनावर घेतलं नाही. पोटमाळ्याच्या फळ्या मधूनच निघाल्यात, त्यातून कैची दिसते. मी सवयीनं बोल्ट मोजायला लागलो. रंगवलेले आकडे अजून वाचता येतात. मित्र पेन हातात धरून उभा होता. अम्मानं ते त्याच्या हातातून घेतलं, टोपण लावलं आणि सनदेच्या पेटीत ठेवून दिलं.

"कल देखेंगे," ती म्हणाली. "पहले चाय पियो."